डोंगरातील यादवी आणि तिच्या बखरी



अमेरिकेतील यादवी युद्ध मुंबईला आणि वऱ्हाडाला ठाऊक झाले ते कापसाच्या भावातून. १८६१ साली उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. शेअर बाजाराने लोकांना वेड लावले. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घराघरांत पोहोचले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली, कापसाचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. आपल्याकडील अभ्यासक्रमात त्या युद्धाचे स्थान जवळपास एवढेच आहे. लिंकन, गुलामगिरीचा अंत आणि कापसाची तेजी.

आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्या युद्धाचा असा एक कोपरा आहे, जिथे कापसाचे मोठे मळे नव्हते आणि गेटिसबर्गसारखी लढाईही झाली नाही. अ‍ॅपलेचियन पर्वतरांगांचा दक्षिण भाग हा तो कोपरा. व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य भाग, केंटकीचा पूर्व भाग, नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिम भाग आणि टेनेसीचा पूर्व भाग यांत पसरलेला हा डोंगराळ मुलूख. अरुंद खोरी, ओढ्याकाठची मक्याची शेते, रानात चरणारी डुकरे आणि एकाच आडनावाच्या लोकांनी भरलेल्या वस्त्या, असे त्याचे रूप होते.

मराठीतील ‘यादवी’ हा शब्द येथे जसा लागू पडतो तसा मैदानातील युद्धाला लागू पडत नाही. इंग्रजी शब्द केवळ नागरिकांमधील युद्ध एवढेच सांगतो. मराठी शब्द मौसलपर्वातील प्रभासक्षेत्राची आठवण करून देतो. तेथे एका कुळाच्या लोकांनी हाताला लागलेली एरका गवताची पाती उपटून एकमेकांचे प्राण घेतले. मैदानात दोन सैन्ये समोरासमोर उभी राहिली. त्यांना गणवेश होते, निशाणे होती, शरणागतीचे नियम होते. डोंगरात शत्रू पलीकडच्या बांधावर राहत होता आणि बहुधा तो नात्यातील होता.

प्रश्न असा की, अशा युद्धाचा इतिहास कोण लिहितो आणि कसा लिहितो?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ८ जून १८६१ रोजी टेनेसी राज्यात संघराज्यातून फुटून निघण्याच्या प्रश्नावर मतदान झाले. एकूण राज्याने फुटण्याच्या बाजूने कौल दिला. पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागाने मात्र सुमारे दोनास एक या प्रमाणात तो नाकारला. स्कॉट काउंटी या डोंगरी तालुक्यात पाचशेहून अधिक मते विरुद्ध आणि अवघी १९ बाजूने पडली. तेथील पुढाऱ्यांनी राज्यातूनच फुटून निघाल्याचे घोषित केले, आणि हा ठराव औपचारिकरीत्या रद्द व्हायला १९८६ साल उजाडावे लागले! याच जून महिन्यात ग्रीनव्हिल येथे भरलेल्या परिषदेने पूर्व टेनेसीचे वेगळे राज्य व्हावे अशी मागणी केली. ती फेटाळली गेली. ८ नोव्हेंबरच्या रात्री संघनिष्ठांनी रेल्वेचे पूल जाळण्याचा कट अमलात आणला. नऊ पुलांपैकी पाच जळाले. ज्या संघसेनेच्या भरवशावर हे धाडस झाले ती सेना आलीच नाही. कटातील पाच जणांना फाशी झाली. त्यांत हार्मन नावाचे पिता-पुत्र होते.

पुढे एप्रिल १८६२ मध्ये दक्षिणेने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. ऑक्टोबरमध्ये त्याला एक पुरवणी जोडली गेली. ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम असतील तेथील एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट मिळाली. डोंगरातील छोट्या शेतकऱ्याला याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. भरती टाळणारे आणि सैन्यातून पळालेले तरुण रानात राहू लागले, त्यांना पकडण्यासाठी होमगार्ड फिरू लागले, आणि झुडपांत दबा धरून गोळी घालणे हा युद्धाचा नित्याचा प्रकार झाला.

आता शेल्टन लॉरेलची हकीकत. ती थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रदेशाच्या इतिहासलेखनातील सर्व गुंता तिच्यात एकवटला आहे.

नॉर्थ कॅरोलायनाच्या मॅडिसन काउंटीत लॉरेल नावाचे खोरे आहे. तेथील लोक प्रामुख्याने संघनिष्ठ होते. काउंटीचे मुख्य गाव मार्शल हे दक्षिणेच्या बाजूच्या अधिकाऱ्यांच्या हाती होते. युद्धकाळात मिठाची भीषण टंचाई होती आणि मीठ वाटून दिले जात होते. डोंगरी कुटुंबाला मीठ चवीपुरते लागत नाही. हिवाळ्यात मारलेल्या डुकराचे मांस टिकवायचे ते मिठातच, आणि ते टिकले नाही तर वसंतापर्यंत खायचे काय, हा प्रश्न असतो. लॉरेलच्या लोकांना त्यांचा वाटा नाकारला गेला. जानेवारी १८६३ मध्ये सुमारे पन्नास जणांची टोळी मार्शलवर चालून आली. त्यांनी मीठ लुटले आणि त्याबरोबर घरेही लुटली. त्यांतील एक घर ६४ व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीचे कर्नल लॉरेन्स अ‍ॅलन यांचे होते. घरात त्यांची मुले आजाराने अंथरुणावर होती.

मग ती पलटण खोऱ्यात आली. तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथ करीत होता. कीथ आणि अ‍ॅलन दोघेही त्याच काउंटीचे आणि पलटणीतील कित्येक शिपाईही आसपासच्या भागातले. घरातील पुरुष कोठे लपले आहेत हे काढून घेण्यासाठी स्त्रियांना फटके मारले गेले, त्यांच्या गळ्यात दोर बांधले गेले. छळ झालेल्या स्त्रियांत ८५ वर्षांची एक वृद्धाही होती. पंधरा पुरुष व मुले पकडली गेली. त्यांना चौकशीसाठी टेनेसीत नेणार असे सांगण्यात आले. दोघे वाटेत निसटले. उरलेल्या तेरा जणांना बर्फात गुडघ्यांवर बसवून गोळ्या घालण्यात आल्या. शिपाई प्रथम कचरले आणि कीथने त्यांना धमकावले, असे सांगितले जाते. मृतांत अनेकांचे आडनाव शेल्टन होते. डेव्हिड शेल्टन तर अवघ्या तेरा वर्षांचा होता. मिठाच्या लुटीत प्रत्यक्ष सामील असलेले मृतांत थोडेच होते.

ही बातमी दडपली गेली नाही, याचे श्रेय सरकारी वकील ऑगस्टस मेरिमन यांना द्यावे लागेल. ते दक्षिणेच्या बाजूचेच अधिकारी होते. त्यांनी फेब्रुवारीत राज्याचे गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांना छळ झालेल्या स्त्रियांच्या नावांसह लेखी अहवाल धाडला. व्हान्स स्वतः याच डोंगरातले. ते संतापले आणि त्यांनी कीथवर कारवाईची मागणी केली. दक्षिणेच्या सेनेने कीथला राजीनामा देऊन जाऊ दिले. युद्धानंतर त्याला पकडून तुरुंगात ठेवण्यात आले, परंतु खटला निकालात निघण्यापूर्वीच १८६९ साली तो तुरुंगातून पळाला आणि पुन्हा कधीच हाती लागला नाही.

एवढी स्पष्ट नोंद असूनही ही घटना पुढील कित्येक दशके राज्याच्या इतिहासात अंग चोरून उभी राहिली. असे का झाले?

युद्ध संपल्यावर या प्रदेशात जे इतिहास लिहिले गेले ते खऱ्या अर्थाने बखरी होत्या. प्रत्येक बखरीला तिचा धनी असतो. पूर्व टेनेसीत विजयी पक्ष संघनिष्ठांचा होता. त्यांचा पहिला बखरकार म्हणजे नॉक्सव्हिलचा वृत्तपत्रकार विल्यम ब्राउनलो. हा मूळचा धर्मोपदेशक, जिभेचा अत्यंत तिखट. दक्षिणेने त्याला अटक केली, हद्दपार केले आणि १८६२ साली त्याने उत्तरेत जाऊन फुटीरतेच्या उदयास्ताचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते तडाखेबंद खपले. १८६५ साली हाच ब्राउनलो टेनेसीचा गव्हर्नर झाला. त्याच्या नंतर थॉमस ह्यूम्स यांचा ‘टेनेसीचे निष्ठावंत डोंगरवासी’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १८८८ साली आणि ऑलिव्हर टेंपल यांचा ग्रंथ १८९९ साली आला. या लेखकांनी घटना स्वतः पाहिल्या होत्या, त्यामुळे त्यांची साक्ष मोलाची आहे. पण साक्षीदाराने न्यायाधीशाची खुर्ची घेतली की जे घडते ते येथेही घडले. फाशी गेलेले संघनिष्ठ हुतात्मे ठरले. संघनिष्ठांच्या टोळ्यांनी नंतर घेतलेल्या सुडाला जेमतेम जागा मिळाली.

डोंगराच्या दुसऱ्या उतारावर नेमके उलटे घडले. नॉर्थ कॅरोलायनात १९०१ साली राज्याच्या पलटणींचे पाच खंडांचे इतिहास प्रसिद्ध झाले. ते त्या त्या पलटणीच्या माजी सैनिकांनी लिहिले होते. १८९४ साली स्थापन झालेल्या दक्षिणेच्या वीरकन्यांच्या संघटनेने स्मारके उभारली आणि पाठ्यपुस्तकांवर करडी नजर ठेवली. या कथनात राज्य एकदिलाने लढले होते. मग एकदिलाने लढणाऱ्या राज्याच्या पलटणीने स्वतःच्याच काउंटीतील तेरा वर्षांच्या मुलाला गोळी घातली, हे बसवायचे कोठे? ते बसत नव्हते, म्हणून कडेला ठेवले गेले.

जॉर्ज कर्क या एका माणसाचे उदाहरण बोलके आहे. टेनेसीचा हा संघनिष्ठ अधिकारी जून १८६४ मध्ये डोंगर ओलांडून नॉर्थ कॅरोलायनात घुसला आणि त्याने दक्षिणेची कॅम्प व्हान्स ही छावणी काबीज केली. टेनेसीच्या उतारावर तो शूर सेनानी, तर पूर्वेकडच्या उतारावर दरोडेखोर. १८७० साली नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरांनी कू क्लक्स क्लॅनच्या बंदोबस्तासाठी त्यालाच बोलावले, तेव्हा जुन्या आठवणी उफाळून आल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या गव्हर्नरांना महाभियोगाने पद गमवावे लागले. यादवी १८६५ साली संपली, असे म्हणण्यापूर्वी हे लक्षात घेतलेले बरे.

आता तिसऱ्या प्रकारची बखर. ती बाहेरच्यांनी लिहिली आणि सर्वांत जास्त काळ टिकली. केंटकीतील बेरिया महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम फ्रॉस्ट यांनी १८९९ साली ‘अटलांटिक मंथली’ या प्रतिष्ठित मासिकात एक लेख लिहिला. डोंगरातील लोक म्हणजे आपलेच समकालीन पूर्वज, असे त्याचे सूत्र. हे लोक जगापासून तुटलेले, वॉशिंग्टनच्या काळात गोठून राहिलेले, साधे, शूर, गुलामगिरीचा वाराही न लागलेले आणि म्हणून एकजात संघनिष्ठ, असे चित्र रंगवले गेले. फ्रॉस्ट यांना उत्तरेतील धनिकांकडून महाविद्यालयासाठी देणग्या हव्या होत्या. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने रंगवलेले खोटे चित्र पुसणे फार अवघड जाते, एवढेच.

वृत्तपत्रांनी या चित्राला दुसरी, काळी बाजू जोडली. हॅटफिल्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांचे वैर १८८० च्या दशकात देशभर गाजले. रानटी डोंगरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे मुडदे पाडतात, त्यांच्या रक्तातच सूड आहे, असे वाचकांना सांगितले गेले. अ‍ॅल्टिना वॉलर या संशोधिकेने १९८८ साली कागदपत्रे तपासून दाखवले की, या वैराच्या मुळाशी इमारती लाकूड, जमीन आणि बाहेरून येऊ घातलेले भांडवल यांचे झगडे होते. ज्या खोऱ्यात रेल्वे आणि कोळसा कंपन्या शिरणार होत्या तेथील लोक ‘रानटी’ ठरणे कोणाच्या सोयीचे होते, हे सांगायला नको. पत्रकारितेच्या व्यवसायाला हे लांच्छन आहे. वार्ताहर त्या दुर्गम खोऱ्यात गेले, त्यांना रक्त दिसले, सातबारा दिसला नाही.

या सर्व कथनांतून एक माणूस मात्र पूर्णपणे गळला होता. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांनी ज्यांच्या मुक्तीसाठी रक्त सांडले तो काळा गुलाम. डोंगरात गुलामगिरी नव्हतीच, हे म्हणणे सर्व पक्षांना सोयीचे होते. १८६० च्या शिरगणतीत पूर्व टेनेसी आणि पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात दर दहा माणसांमागे जवळपास एक गुलाम होता. मैदानी दक्षिणेच्या मानाने हे प्रमाण कमी, पण शून्य नव्हे. संघनिष्ठ ब्राउनलो १८५८ साली फिलाडेल्फियात जाऊन जाहीर वादात गुलामगिरीचे समर्थन करून आला होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रीनव्हिलचे अँड्र्यू जॉन्सन हेही गुलामांचे मालक होते. म्हणजे संघराज्यावरील निष्ठा आणि गुलामांविषयीची करुणा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. डोंगरातील पुष्कळ लोकांकडे पहिली होती, दुसरी नव्हती. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९१६ साली अ‍ॅपलेचियन अमेरिकेतील गुलामगिरी व स्वातंत्र्य यांवर निबंध लिहून या मौनाला प्रथम छेद दिला. वुडसन स्वतः बेरियात शिकलेले होते.

त्याच १९१६ साली सेसिल शार्प हे इंग्लंडमधील लोकगीतांचे संग्राहक याच मॅडिसन काउंटीत, लॉरेलच्या मुलखात आले. तेथील बायाबापड्या जुनी इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीते अजून गातात हे पाहून ते हरखून गेले आणि वहीत गाणी उतरवून घेत राहिले. ज्या अंगणांत ते बसले तेथून तेरा जणांना ओढून नेल्याला तेव्हा जेमतेम ५३ वर्षे झाली होती. गाणाऱ्या वृद्धांपैकी काहींनी तो हिवाळा पाहिलाही असेल. पाहुणा मात्र जुने इंग्लंड शोधायला आला होता आणि त्याला ते सापडले.

खरा पालट १९७५ नंतर झाला. फिलिप पालुदान यांनी १९८१ साली शेल्टन लॉरेलवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वियेतनामच्या अनुभवातून नुकताच बाहेर पडलेला अमेरिकी वाचक त्या वेळी एक प्रश्न विचारू लागला होता, की सामान्य माणसे असे क्रौर्य कसे करू शकतात? पालुदान यांनी कीथला राक्षस ठरवून सुटका करून घेतली नाही. मिठाची टंचाई, आजारी मुले, रानातून येणाऱ्या गोळ्या, थंडी, वरिष्ठांचे संदिग्ध आदेश या सर्वांचा हिशेब त्यांनी मांडला आणि तरीही खुनाला खूनच म्हटले. त्यानंतर जॉन इन्स्को यांनी डोंगरातील गुलाममालकांचा, नोएल फिशर यांनी पूर्व टेनेसीतील गनिमी हिंसेचा आणि टॉड ग्रोस यांनी त्याच प्रदेशातील दक्षिणनिष्ठांचा अभ्यास केला. ग्रोस यांचा निष्कर्ष चटका लावणारा आहे. दक्षिणेच्या बाजूने गेलेले लोक पुष्कळदा रेल्वेकाठच्या गावांतील तरुण व्यापारी होते. नव्या लोहमार्गाने त्यांचा गहू आणि त्यांचे भवितव्य दक्षिणेच्या बाजारपेठांशी जोडले होते. एकाच खोऱ्यातील दोन भाऊ दोन बाजूंना का गेले, याचे उत्तर कधी तत्त्वज्ञानात असते, तर कधी रेल्वेच्या वेळापत्रकात.

ही नवी मंडळी कशाच्या आधारे लिहू शकली? इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तसा अस्सल कागदांचा साठा अमेरिकेत एका अनपेक्षित ठिकाणी पडून होता. दक्षिणेत राहून संघराज्याशी निष्ठा राखणाऱ्यांची गुरे, धान्य, घोडे संघसेनेने नेले असतील तर भरपाई देण्यासाठी १८७१ साली एक आयोग नेमला गेला. २२,२९८ दावे दाखल झाले. मागणी सुमारे ६ कोटी डॉलरची होती, मंजूर झाले सुमारे ४६ लाख. प्रत्येक दावेदाराला निष्ठेविषयी डझनावारी प्रश्न विचारले गेले आणि शेजाऱ्यांच्या साक्षी घेतल्या गेल्या. विधवांनी आणि मुक्त झालेल्या गुलामांनीही जबान्या दिल्या. एका खेचराच्या किमतीसाठी दिलेली ही उत्तरे आहेत. त्यांत अतिशयोक्ती आहे, खोटेपणाही आहे. परंतु रात्री कोणाच्या दारावर थाप पडली, कोणी भाकरी दिली, कोणी खबर दिली, हे ज्या बारकाईने त्यांत येते तसे कोणत्याही सेनापतीच्या आत्मचरित्रात येत नाही.

कादंबरी आणि चित्रपटानेही आपला वाटा उचलला. चार्ल्स फ्रेझियर यांची ‘कोल्ड माउंटन’ १९९७ साली आली आणि तिला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. २००३ साली चित्रपट निघाला, त्याचे बरेचसे चित्रीकरण रुमानियात झाले! पळून घरी परतणारा सैनिक नायक आणि होमगार्ड खलनायक, ही मांडणी शंभर वर्षांपूर्वी त्या राज्यात कोणी छापली नसती. तरीही कृष्णवर्णीय माणूस या कथेच्या कडेलाच राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

ग्रीनव्हिल या गावी न्यायालयाच्या आवारात आज दोन स्मारके उभी आहेत. एक संघसेनेच्या सैनिकांचे. दुसरे १८६४ साली त्याच गावात मारला गेलेला दक्षिणेचा सेनानी जॉन मॉर्गन याचे. तेथून तासा-दीड तासाच्या अंतरावर अ‍ॅशव्हिलच्या चौकात गव्हर्नर व्हान्स यांच्या नावाचा दगडी स्तंभ शंभराहून अधिक वर्षे उभा होता. शेल्टन लॉरेलच्या हत्याकांडावर संतापणारे हेच व्हान्स गुलामांचे मालकही होते. त्या कारणाने २०२१ साली स्तंभ उतरविण्यास प्रारंभ झाला. स्तंभ असताना एक व्हान्स दिसत होते, स्तंभ नसताना दुसरे दिसतात. मेरिमनच्या पत्रावर संतापाने उत्तर देणारे व्हान्स कागदपत्रांतच भेटतात.

लॉरेलच्या खोऱ्यात रस्त्याच्या कडेला राज्य सरकारची एक छोटी पाटी आहे. तेरा माणसे व मुले मारली गेली, असे ती सांगते. नावे सांगत नाही. नावे वर टेकडीवर आहेत, जेथे नातलगांनी त्यांना पुरले. खोऱ्यात शेल्टन आडनावाची घरे अद्याप आहेत.